उन्हाचे ऋण आणि मलमाचा उपचार : त्वचेच्या कर्करोगपूर्व अवस्थेविषयी

संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, ताळेबंद व विभागवार आकडेवारी यांच्या जोडीला एखाद्या आजाराविषयी किंवा उपचारपद्धतीविषयी सर्वसामान्य वाचकास समजेल अशा भाषेत माहिती द्यावी, असा प्रघात आपल्या विश्वस्त मंडळाने पाडला आहे. हृदयविकार, मधुमेह, क्षयरोग यांविषयी वाचकांना पुष्कळ वाचावयास मिळते. यंदा आम्ही मुद्दाम एक कमी परिचित विषय निवडला आहे. उन्हामुळे वर्षानुवर्षे हानी पोहोचलेल्या त्वचेवर कर्करोगाच्या आधीची जी अवस्था निर्माण होते, तिच्यावर केवळ बाहेरून लावावयाच्या मलमाने कसा उपचार करता येतो, हा तो विषय होय. आमच्या त्वचारोग विभागातील डॉक्टरांनी वेळोवेळी समजावून दिलेली माहिती येथे संकलित केली आहे. प्रशासनाच्या अंगाने जे अनुभवास आले, तेही त्यास जोडले आहे.

हा विषय निवडण्याचे कारण असे, की या उपचारात रुग्णाला बरे वाटू लागण्याआधी वाईट दिसू लागते. औषध आपले काम चोख बजावत असतानाच रुग्ण घाबरून ते बंद करतो, आणि जे मलमाने निभावले असते ते पुढे शस्त्रक्रियेवर जाते. औषधाच्या अभावापेक्षा माहितीच्या अभावी होणारे हे नुकसान आहे, आणि ते टाळणे आपल्या हाती आहे.

विकाराचे स्वरूप

या विकारास वैद्यकशास्त्रात अ‍ॅक्टिनिक केराटोसिस असे म्हणतात. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची हाडे, कानांच्या वरच्या कडा, टक्कल पडलेला माथा, मानेची मागची बाजू, हातांचे पाठचे भाग अशा सदैव उन्हात राहणाऱ्या जागी लहान, खरबरीत, कोंडा धरल्यासारखे चट्टे उठतात. ते डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना जाणवतात. सुताराच्या पॉलिश कागदावरून बोट फिरवावे तसा स्पर्श लागतो. खाज वा वेदना बहुधा नसते. वरचा पापुद्रा निघतो आणि काही दिवसांनी पुन्हा धरतो. खालच्या ओठावरही असाच बदल होऊ शकतो. ओठ कोरडा, पांढुरका व भेगाळलेला राहतो आणि साधे उलल्याचे निमित्त समजून त्याकडे दुर्लक्ष होते.

याचे मूळ सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांत आहे. हे किरण त्वचेच्या वरच्या थरातील पेशींच्या गुणसूत्रांमधील डीएनएला इजा करतात. पेशींजवळ दुरुस्तीची यंत्रणा असते आणि बहुतेक इजा ती भरून काढते. परंतु प्रत्येक वेळी थोडीफार दुरुस्ती राहून जाते. आमच्या लेखाशाखेच्या भाषेत सांगावयाचे, तर दर दिवसाच्या उन्हाची थोडी थकबाकी पुढे ओढली जाते. वीस-तीस वर्षांनंतर ही थकबाकी इतकी साचते, की पेशींच्या वाढीवर लगाम ठेवणारे जनुकच निकामी होते. पी-५३ हे अशा जनुकांतील प्रमुख. हा लगाम सुटलेल्या पेशी वेड्यावाकड्या वाढू लागतात, आणि तोच खरबरीत चट्टा होय.

प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होतो असे मात्र नाही, हे वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १९८० च्या दशकात झालेल्या पाहणीत एका चट्ट्याचे एका वर्षात कर्करोगात रूपांतर होण्याचे प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी आढळले. काही चट्टे तर ऊन टाळल्यावर आपोआप मावळतात. पण एखाद्याच्या चेहऱ्यावर असे वीस-पंचवीस चट्टे असतील आणि ते दहा-पंधरा वर्षे राहिले, तर लहान लहान शक्यतांची बेरीज मोठी होते. शिवाय कोणता चट्टा निरुपद्रवी राहील आणि कोणता उलटेल, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यातून जो कर्करोग उद्भवतो त्यास स्क्वेमस पेशींचा कर्करोग म्हणतात. वेळीच काढल्यास तो बहुधा पूर्ण बरा होतो. उशीर झाल्यास तो खोलवर जातो, आणि कान, ओठ अशा जागी असल्यास मानेतील गाठींपर्यंत पोहोचू शकतो.

आपल्याकडील रुग्ण कोण?

हा विकार प्रामुख्याने गोऱ्या कातडीच्या व भरपूर उन्हात राहणाऱ्या लोकांचा आहे. युरोपीय वंशाचे लोक ज्या ऑस्ट्रेलियात जाऊन स्थायिक झाले, तेथे तो घरोघरी आढळतो. म्हणूनच तेथे १९८१ पासून अंगात सदरा, त्वचेवर संरक्षक मलम व डोक्यावर टोपी घालण्याविषयी मोठी लोकशिक्षण मोहीम राबविली गेली. आपल्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण शोषून घेते. सावळ्या वर्णाचे हे निसर्गदत्त छत्र असल्याने आपल्याकडे हा विकार विरळ आहे. गोरेपणाच्या हव्यासापायी आपण ज्या वर्णाला नावे ठेवतो, तोच वर्ण आपले रक्षण करीत असतो, हे यानिमित्ताने सांगितलेले बरे.

विरळ असला तरी तो नाही असे नाही. अत्यंत गौरवर्णीय, घाऱ्या वा निळसर डोळ्यांच्या वयोवृद्ध व्यक्तींत, आणि मूत्रपिंड-रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांत तो दिसू शकतो. झिरोडर्मा पिग्मेन्टोसम या दुर्मिळ आनुवंशिक विकारात डीएनएच्या दुरुस्तीची यंत्रणाच सदोष असते, त्यामुळे अगदी बालवयात असे चट्टे उठतात. परंतु आमच्या मते ज्यांच्यासाठी हा लेख सर्वाधिक महत्त्वाचा, ते म्हणजे जन्मतःच त्वचा, केस व डोळे यांत रंगद्रव्य नसलेले किंवा अत्यल्प असलेले आपले बांधव. या अवस्थेस आल्बिनिझम म्हणतात. हे कोड नव्हे, कुष्ठरोग नव्हे, आणि संसर्गजन्य तर मुळीच नव्हे. आई व वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यास मूल असे जन्मते. आईवडील स्वतः सावळे असू शकतात.

या बांधवांची अडचण दुहेरी आहे. त्वचेला छत्र नाही, आणि डोळ्यांतील रंगद्रव्याच्या अभावी दृष्टीही मंद असते. वर्गातील फळा दिसत नाही म्हणून शाळा सुटते. शाळा सुटली की बैठे काम मिळत नाही, आणि शेतमजुरी, गुरे राखणे वा आठवडी बाजारात बसणे हे उन्हातलेच काम वाट्याला येते. ज्यांनी ऊन टाळावयास हवे त्यांनाच परिस्थिती उन्हात लोटते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ पासून १३ जून हा दिवस या विषयीच्या जनजागृतीसाठी मुक्रर केला आहे. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अल्पदृष्टीचा समावेश असल्याने, दृष्टीच्या निकषात बसणाऱ्या अशा व्यक्तींना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. आमच्या समाजसेवा विभागातर्फे त्यासाठी मार्गदर्शन केले जाते.

मलमाचा इतिहास

या विकारावर वापरल्या जाणाऱ्या औषधांत सर्वांत जुने व आजही अग्रस्थानी असलेले औषध म्हणजे फ्लुरोयुरॅसिल. त्याची कथा बोधप्रद आहे. कर्करोगाच्या पेशी युरॅसिल हा घटक निरोगी पेशींपेक्षा अधिक प्रमाणात वापरतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले होते. त्यावरून अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील चार्ल्स हायडेलबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरॅसिलच्या रेणूतील हायड्रोजनच्या एका अणूच्या जागी फ्लोरिनचा अणू बसविला आणि १९५७ मध्ये हे नवे औषध जगापुढे मांडले. दिसावयास युरॅसिल, पण आतून वेगळे, असे हे बनावट नाणे होते. पेशी ते खरे समजून स्वीकारते. मग डीएनएसाठी लागणारा थायमिडीन हा घटक तयार करणारे विकर त्यात अडकून पडते, नवे डीएनए बनत नाही आणि भराभर वाढू पाहणारी पेशी मरते.

प्रारंभी हे औषध शिरेतून, शरीरातील अन्य कर्करोगांसाठी दिले जात होते. ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या उन्हाने खराब झालेल्या त्वचेवरील चट्टे प्रथम लालबुंद होऊन नंतर नाहीसे झाल्याचे १९६२ मध्ये नोंदले गेले. पोटातल्या रोगासाठी दिलेले औषध चेहऱ्यावरचे चट्टे शोधून काढते, तर ते थेट चेहऱ्यावरच का लावू नये, या विचारातून पुढील वर्षी मलमाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील डॉ. एडमंड क्लाइन यांनी या पद्धतीचा पाठपुरावा केला. त्यांना १९७२ मध्ये लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीतही फ्लुरोयुरॅसिलच्या ५ टक्के मलमाचा समावेश आहे. आपल्या देशात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उपलब्ध होते.

उपचाराचा क्रम

सर्वसाधारणपणे ५ टक्के मलमाचा पातळ थर दिवसातून दोन वेळा, दोन ते चार आठवडे लावावयाचा असतो. नेमकी मुदत जागेनुसार व प्रतिक्रियेनुसार त्वचारोगतज्ज्ञ ठरवितात. एकेका चट्ट्यावर ठिपका देण्याऐवजी बहुधा कपाळ, गाल किंवा माथा असा संपूर्ण भाग घेतला जातो. याचे कारण असे, की दिसणाऱ्या चार चट्ट्यांच्या भोवती न दिसणाऱ्या अनेक बिघडलेल्या पेशी असतात. शेतात दिसले तेवढेच तण उपटले आणि मातीतले बी तसेच ठेवले, तर पुढच्या पावसात पुन्हा तेच तण उगवते.

पहिले तीन-चार दिवस काहीच घडत नाही. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लाली येऊ लागते. दुसऱ्या आठवड्यात ती वाढते, आग होते, आणि जेथे पूर्वी काहीच दिसत नव्हते तेथेही लाल डाग उमटतात. तिसऱ्या आठवड्यात त्वचा सोलवटते, खपल्या धरतात, क्वचित ओलसर व्रण पडतात. याच सुमारास डॉक्टर मलम थांबवितात. त्यानंतर त्वचा भरून येऊ लागते. पूर्ण भरून येण्यास एक ते दोन महिने लागतात, आणि लाली आणखी काही काळ रेंगाळते.

ही लाली म्हणजे औषधाचा अपघात नव्हे. निरोगी पेशी सावकाश वाढतात, त्यामुळे त्यांच्यावर या औषधाचा परिणाम थोडाच होतो. बिघडलेल्या पेशी घाईने वाढतात आणि बनावट नाणे घाईने स्वीकारतात. म्हणून जेथे दोष तेथेच प्रतिक्रिया तीव्र होते. लाल डागांचा तो नकाशा म्हणजे आजवर लपून राहिलेल्या दोषाची यादीच होय. उलटपक्षी, डोळे सुजणे, पू होणे, ताप येणे, तोंडात व्रण उठणे, जुलाब लागणे किंवा असह्य वेदना होणे ही लक्षणे अपेक्षित क्रमातील नव्हेत. अशा वेळी मलम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

एक प्रसंग

अहवालवर्षात घडलेला एक प्रसंग येथे नमूद करणे उचित वाटते. आल्बिनिझम असलेले एक भाजीविक्रेते गृहस्थ, वय चाळिशीच्या आतबाहेर, उपचाराच्या नवव्या दिवशी आमच्या औषध विभागाच्या खिडकीशी आले. त्यांनी अर्धी वापरलेली ट्यूब परत देऊ केली आणि पैसे परत मागितले. चेहरा लाल झाला होता. बाजारात गिऱ्हाईक दुसऱ्या टोपलीकडे वळत होते. घरच्या वडीलधाऱ्यांनी "औषध अंगावर उठलंय, बंद कर" असे बजावले होते. नियमानुसार उघडलेली ट्यूब परत घेता येत नाही, असे सांगून त्यांना वाटेला लावणे सहज शक्य होते. परंतु खिडकीवरील कर्मचाऱ्याने समाजसेविका भगिनींना बोलाविले. त्या त्यांना बाकावर बसवून म्हणाल्या, "दादा, औषध उलटलेलं नाही, लागू पडलंय. डॉक्टरांना एकदा दाखवा, मग ठरवू."

त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच असल्याचे सांगितले, आग शमविण्यासाठी साधे पेट्रोलियम जेली लावण्यास दिले, आणि आणखी किती दिवस काढावयाचे ते कॅलेंडरवर खूण करून दाखविले. ते दिवस पार पडले. दोन महिन्यांनी कपाळ व गाल स्वच्छ झाले. कानाच्या कडेवरील एक जाड चट्टा मात्र हटला नाही. त्याचा तुकडा तपासला असता कर्करोगाचा प्रारंभ आढळला. स्थानिक भूल देऊन तो अर्ध्या तासात काढण्यात आला, व ते सायंकाळी घरी गेले. ट्यूब परत करून ते नवव्या दिवशीच निघून गेले असते, तर तो चट्टा इतर चट्ट्यांच्या गर्दीत कितीतरी काळ लपून राहिला असता. कान वाचला तो वेळेवर दिसल्यामुळे.

उपचाराचे फल व मर्यादा

मलमाच्या गुणाविषयी दोन अभ्यास येथे नमूद करतो. नेदरलँड्समधील रुग्णालयांत ६२४ रुग्णांवर झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार उपचारांची तुलना करण्यात आली. डोके व चेहऱ्यावरील चट्ट्यांमध्ये किमान तीन-चतुर्थांश घट होऊन ती उपचारानंतर १२ महिने टिकण्याचे प्रमाण फ्लुरोयुरॅसिलच्या गटात सुमारे ७५ टक्के होते. इमिक्विमॉड या मलमाच्या गटात ते सुमारे ५४ टक्के, प्रकाशोपचाराच्या गटात सुमारे ३८ टक्के, तर इन्जेनॉल मेब्युटेट या जेलच्या गटात सुमारे २९ टक्के आढळले. म्हणजे सर्वांत जुने औषध सर्वांत सरस ठरले. यांपैकी इन्जेनॉल पुढे, उपचार केलेल्या जागीच कर्करोग उद्भवण्याच्या शंकेवरून, २०२० मध्ये युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आले. नवे म्हणून चांगले असे समजू नये, हा धडा औषध-खरेदी करणाऱ्या आम्हा प्रशासकांसाठीही आहे.

दुसरा अभ्यास अमेरिकेतील ९३२ निवृत्त सैनिकांवरील असून तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहरा व कान यांवर हे मलम दोन ते चार आठवडे लावल्यावर पहिल्या वर्षात शस्त्रक्रिया करावी लागणारा स्क्वेमस कर्करोग मलमाच्या गटात १ टक्का, तर साध्या क्रीमच्या गटात ४ टक्के व्यक्तींना झाला. मात्र पूर्ण चार वर्षांचा हिशेब मांडता हा फरक टिकला नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. मलम ही लस नव्हे. ते साचलेली थकबाकी फेडते, परंतु ऊन चालूच राहिल्यास नवी थकबाकी पुन्हा साचते. म्हणून नियमित तपासणी व उन्हापासून रक्षण ही उपचाराचीच अंगे होत.

एक-दोनच चट्टे असल्यास द्रव नायट्रोजनने ते गोठविणे अधिक सोयीचे ठरते. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या या द्रवाने काही सेकंदांत काम होते, मात्र त्या जागी पांढुरका डाग राहू शकतो. फ्लुरोयुरॅसिलला कॅल्सिपोट्रायॉलची जोड देऊन मुदत अवघ्या चार दिवसांवर आणण्याचा प्रयोगही २०१७ मध्ये यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले आहे. कोणता मार्ग कोणास योग्य, हे तज्ज्ञांनीच ठरवावयाचे आहे. चट्टा जाड वा टणक झाला असेल, दुखत असेल, रक्त येत असेल किंवा झपाट्याने वाढत असेल, तर मलम लावण्याआधी तुकडा तपासणे आवश्यक असते. दुकानातून परस्पर घेतलेली, स्टेरॉइड असलेली मिश्र क्रीमे अशा चट्ट्यांवर चोळू नयेत. लाली दबते, दोष दबत नाही.

घ्यावयाची काळजी

मलम लावल्यानंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत, किंवा हातमोजा वापरावा. डोळे, नाकपुड्या व तोंडाच्या आतील भाग यांना ते लागू देऊ नये. गर्भवती स्त्रियांनी, तसेच गर्भधारणेची शक्यता असलेल्या व स्तनपान करणाऱ्या मातांनी ते वापरू नये. हे औषध पचविणारे डीपीडी नावाचे विकर काही थोड्या व्यक्तींत जन्मतः नसते, त्यांनाही ते वर्ज्य आहे. उपचाराच्या काळात ऊन कटाक्षाने टाळावे, अन्यथा प्रतिक्रिया फार तीव्र होते. घरात कुत्रा वा मांजर असल्यास ट्यूब त्यांच्या तोंडी लागणार नाही अशी ठेवावी व मलम लावलेला भाग त्यांना चाटू देऊ नये. थोड्याशा मलमानेही या प्राण्यांचा जीव जाऊ शकतो.

उन्हापासून रक्षणासाठी महागड्या साधनांची गरज नाही. दुपारचे ऊन टाळावे. आपली नेहमीची पांढरी टोपी डोके झाकते, पण कान, नाक व मान उघडी ठेवते. त्यापेक्षा रुंद काठाची टोपी किंवा कानांवरून घेतलेले उपरणे बरे. शेतात काम करणाऱ्या भगिनी साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, ही पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. पातळ पदरापेक्षा घट्ट विणीचे कापड अधिक रक्षण करते. उघड्या राहणाऱ्या भागावर सूर्यसंरक्षक मलम लावावे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात हे मलम रोज लावणाऱ्यांत स्क्वेमस कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडे ही वस्तू सौंदर्यप्रसाधनांच्या मांडणीवर विकली जाते. आल्बिनिझम असलेल्या व्यक्तीसाठी ती चैन नसून औषध आहे.

प्रशासनाची बाजू

आता थोडे आमच्या कामाविषयी. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना लागू असलेल्या व १ सप्टेंबर २००६ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात, आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. ही योजना गोरगरिबांसाठी मोठा आधार आहे. परंतु मलम लावणारा रुग्ण खाट व्यापत नाही, त्यामुळे खाटांच्या हिशेबात तो कोठेच दिसत नाही. तो बाह्यरुग्ण विभागात येतो, चिठ्ठी घेतो, दुकानात ट्यूबची किंमत विचारतो आणि पुष्कळदा तसाच घरी जातो.

वाणिज्य शाखेचे शिक्षण घेतलेल्यास प्रत्येक खर्चाला त्याच्यासमोरचे उत्पन्न शोधण्याची सवय लागलेली असते. येथे ती सवय थोडी बाजूस ठेवावी लागते. चेहऱ्यावरील कर्करोग वाढल्यावर शस्त्रक्रिया, भूल, त्वचारोपण, आठवडाभराची खाट, प्रसंगी किरणोपचार आणि घरच्या दोन माणसांची बुडालेली मजुरी, असा सारा खर्च उभा राहतो. तो टळला, तर मात्र ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात त्याची नोंद होत नाही. टळलेल्या शस्त्रक्रियेची पावती नसते. तरीही संस्थेने केलेल्या सेवेत तिची गणना व्हावयास हवी, अशी आमची धारणा आहे.

या विचाराने विश्वस्त मंडळाच्या संमतीने काही व्यवस्था करण्यात आल्या आहेत. मलम सुरू करण्यापूर्वी रुग्णास व त्याच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीस एकत्र बसवून, कोणत्या आठवड्यात त्वचा कशी दिसेल याची छायाचित्रे दाखविली जातात. मोठ्या अक्षरातील मराठी माहितीपत्रक दिले जाते, कारण यांतील अनेकांची दृष्टी मंद असते. सातव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान समाजसेवा विभागातून दूरध्वनी केला जातो, कारण उपचार सोडण्याचे दिवस तेच. शक्यतो पावसाळ्यात किंवा थंडीत, सुगी व यात्रा-लग्नसराई टाळून उपचाराची तारीख ठरविली जाते. गरजू रुग्णांना ट्यूब, रुंद काठाची टोपी व सूर्यसंरक्षक मलम देणगीदारांच्या सहकार्याने विनामूल्य पुरविण्यात येते. उपचार संपल्यावर पुढील तपासणीची तारीख कार्डावर लिहून दिली जाते.

वाचकांना विनंती

आपल्या गावात, वाडीवर, शाळेत आल्बिनिझम असलेले मूल वा प्रौढ व्यक्ती असल्यास त्यांना वर्षातून किमान एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडे व नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यास पुढच्या बाकावर, खिडकीच्या उन्हापासून दूर बसवावे आणि मैदानावरील कवायतीत टोपी व पूर्ण बाह्यांचा सदरा घालण्याची मुभा द्यावी. घरातील वयोवृद्ध मंडळींच्या कानांच्या कडा, नाक व माथा यांवरून अधूनमधून बोट फिरवून पाहावे. खरबरीत लागल्यास दाखवावे. आणि कोणाच्या चेहऱ्यावर अशा उपचाराची लाली दिसली, तर "औषध बंद कर" असा सल्ला देण्याआधी डॉक्टरांना विचारण्यास सांगावे. आपला तेवढा संयम एखाद्याचा कान वा ओठ वाचवू शकतो.

देणगीदारांस विनंती अशी, की यंत्रसामग्री व इमारत यांसाठी दिलेल्या देणगीप्रमाणेच टोपी, मलम व माहितीपत्रक यांसाठी दिलेली लहान देणगीही आम्हाला तितकीच मोलाची आहे. तिचा फलक भिंतीवर लागत नाही, परंतु तिचा विनियोग कोणत्या कामी झाला याचा तपशील देणगीदारास अवश्य कळविला जाईल.